बारा मतांचा हिशेब : राष्ट्रपती निवडणूक २०२२ आणि पर्वरीतले चाळीस मतदार

१० जुलै २०२२ला आषाढी एकादशी होती आणि रविवारही. साखळीजवळच्या विठ्ठलापूरला दर्शनाच्या रांगेत उभा होतो. पाऊस असा की छत्री नुसती धरायची म्हणून धरायची. माझ्या पुढे कारापूरचे एक ओळखीचे गृहस्थ होते, काखोटीला फराळाची पिशवी. संध्याकाळ झाली आणि रांगेतले फोन एकामागून एक वाजायला लागले. पणजीत काँग्रेसचे गोवा प्रभारी दिनेश गुंडू राव यांनी पत्रकार परिषद घेतली होती. त्यांचे म्हणणे, माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत आणि विरोधी पक्षनेते मायकल लोबो भाजपशी संधान बांधून पक्ष फोडायला निघालेत, म्हणून लोबो यांना पदावरून दूर केले आहे. दोघांनीही इन्कार केला.

त्या गृहस्थांनी फोन खिशात घातला आणि म्हणाले, "मास्तर, धा जुलय. याद जाता?"

आठवण होतीच. १० जुलै २०१९. त्या संध्याकाळी काँग्रेसचे दहा आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले होते. बरोबर तीन वर्षांनी तीच तारीख, आणि मध्ये एक विधानसभा निवडणूक होऊन गेलेली.

पुढे आठ दिवसांनी, सोमवारी १८ जुलैला, राष्ट्रपतिपदाचे मतदान होते. वर्गात राष्ट्रपती निवडणूक शिकवताना मी अनेक वर्षे सूत्र फळ्यावर लिहीत आलो आणि मुले ते पाठ करत आली. हे प्रकरण मात्र मी सूत्रासाठी लिहीत नाही. या निवडणुकीत पर्वरीला, म्हणजे गोवा विधानसभेत, चाळीस आमदारांनी चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी गुप्त होती, आणि तरी तीन दिवसांनी निकाल आल्यावर सगळा गोवा बोटे मोजत बसला, ते का, हा माझा प्रश्न आहे.

आधी मांडणी. फेब्रुवारी २०२२च्या निवडणुकीत भाजप २०, काँग्रेस ११, आम आदमी पक्ष २, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) २, गोवा फॉरवर्ड १, रिव्होल्युशनरी गोवन्स १ आणि अपक्ष ३ असे चित्र आले. मगोचे दोन आणि तिन्ही अपक्ष सरकारच्या बाजूला गेले. म्हणजे सत्ताधारी २५, विरोधी १५. राष्ट्रपतिपदासाठी भाजप आघाडीच्या उमेदवार द्रौपदी मुर्मू, आणि विरोधकांचे यशवंत सिन्हा.

गोव्यातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य २०. हा आकडा १९७१च्या जनगणनेतून येतो. तेव्हा गोव्याची लोकसंख्या ७,९५,१२० होती. तिला चाळीसने आणि मग हजाराने भागले की १९.८७८, म्हणजे २०. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८चे, महाराष्ट्राचे १७५चे, सिक्कीमचे ७चे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये म्हणून लोकसंख्या १९७१वर गोठवून ठेवली आहे. २०११ची १४,५८,५४५ धरली तर आपले २०चे ३६ झाले असते, पण मग बाकीच्यांचेही फुगले असते, तेव्हा त्यात हुरळण्यासारखे काही नाही. चाळीसही जणांची मते एकत्र केली तर ८००. देशभरातले एकूण मतमूल्य १०,८६,४३१. समुद्रात खसखस.

एक गोष्ट मुलांना सांगितली की ती नेहमी चकित होतात. १९६९ साली इंदिरा गांधींनी "अंतरात्म्याचा आवाज" ऐकायला सांगितला, पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी हरले आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. ती देशातली सर्वांत गाजलेली राष्ट्रपती निवडणूक, आणि तीत गोव्याच्या एकाही आमदाराचे मत नव्हते. तेव्हा आपण केंद्रशासित प्रदेश होतो आणि केंद्रशासित प्रदेशांच्या आमदारांना या निवडणुकीत स्थान नव्हते. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असूनही त्यांना राष्ट्रपती निवडता आला नाही. ३० मे १९८७ला घटकराज्य मिळाले तेव्हा तो हक्क आला. अंतरात्म्याची पाळी गोव्यावर उशिराच आली म्हणायची.

आता उमेदवार. दोघांचीही नावे २१ जूनला, एकाच दिवशी जाहीर झाली. सिन्हांचे नाव येण्याआधी शरद पवार, फारूख अब्दुल्ला आणि गोपालकृष्ण गांधी अशा तिघांनी नकार दिला होता. चौथ्या पसंतीचा उमेदवार घेऊन रिंगणात उतरले की सैन्याला ते कळतेच. माणूस मात्र कच्चा नव्हता. १९६०च्या तुकडीचे सनदी अधिकारी, १९८४ला नोकरी सोडली, दोनदा अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. वाजपेयींच्या मंत्रिमंडळातले हे गृहस्थ २०१८ला भाजपमधून बाहेर पडले आणि २०२१ला तृणमूलमध्ये गेले. "राष्ट्रपती रबर स्टॅम्प नसावा" हे त्यांचे म्हणणे पुस्तकी अर्थाने बरोबर होते. पण ते ऐकायचे कोणी? मतदार होते ते आमदार-खासदार, आणि राष्ट्रपती स्वतंत्र बाण्याचा असावा अशी तळमळ असलेला आमदार मला अजून भेटायचा आहे.

मुर्मू यांच्या बाबतीत युक्तिवादाची गरजच पडली नाही. मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावच्या संथाळ, शिक्षिका, १९९७ला रायरंगपूरच्या नगरसेविका, मग आमदार, मंत्री, २०१५ ते २०२१ झारखंडच्या राज्यपाल. निवडून आल्यास देशाच्या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती. एवढे सांगितले की विरोधात बोलणाऱ्याची जीभ अडखळते. झारखंड मुक्ती मोर्चा सिन्हांच्या आघाडीतला, तोही इकडे आला. उद्धव ठाकऱ्यांची शिवसेनाही आली. उमेदवार निवडतानाच समोरच्याची मते फोडून ठेवायची, ही चाल मला त्या मोहिमेतली सर्वांत हुशार चाल वाटते, आणि मी हे कौतुकाने आणि वैतागाने, दोन्ही अंगांनी म्हणतो.

गोव्यात तर या नावाला वेगळी धार होती. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले २००३ साली. २०११च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींची संख्या १,४९,२७५, म्हणजे दर दहा गोंयकारांत एकाहून जास्त. तरी २०२२च्या विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव जागा किती? शून्य. राखीव अशी एकच जागा, पेडणे, आणि ती अनुसूचित जातींसाठी. २५ मे २०११ला बाळ्ळीला याच समाजाच्या आंदोलनात दोन तरुणांचा जीव गेला होता. केपे, सांगे, काणकोण, सावर्डे, प्रियोळ, कुठ्ठाळी, या भागांत निवडून यायचे तर या समाजाला पाठ दाखवून चालत नाही. राष्ट्रपतिपदाच्या मतदानाच्या दिवशी सभागृहाचे सभापती होते रमेश तवडकर, स्वतः याच समाजाचे, काणकोणच्या सर्वसाधारण जागेवरून आलेले.

म्हणजे सिन्हांना मत देणाऱ्या एखाद्या आमदाराला आपल्या वाड्यावर जाऊन सांगावे लागणार होते की आदिवासी बाई उभी असताना मी दुसऱ्याला मत दिले. पक्षाचा आदेश होता हे कारण तिथे चालत नाही. आणि मजा अशी की हा आदेश पक्षाला काढताच येत नाही.

राष्ट्रपती निवडणुकीत पक्षादेश लागू होत नाही. पक्षांतरबंदी कायद्याचे दहावे परिशिष्ट सभागृहातल्या मतदानाला लागते, आणि हे मतदान सभागृहाच्या कामकाजात येत नाही. पेटी विधानसभेच्या इमारतीत ठेवलेली असते म्हणून लोकांची गल्लत होते. निवडणूक आयोगानेही स्पष्ट केलेले आहे की आमदाराने कोणालाही मत द्यावे, त्यावरून त्याला अपात्र ठरवता येत नाही. आमदार पक्षाच्या तिकिटावर आला तरी त्या पाच मिनिटांपुरता तो कोणाचाच नसतो. पक्षाचाही नाही आणि, हे आपण विसरतो, मतदारसंघाचाही नाही. पक्षाला चिठ्ठी दाखवायची सोय नाही, तशी तुम्हा-आम्हालाही नाही.

गुप्ततेची व्यवस्था खूप बारीक आहे. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी. आपले पेन आत न्यायचे नाही, आयोगाचे जांभळ्या शाईचे पेन वापरायचे, म्हणजे शाईवरून माणूस ओळखता येऊ नये. पसंती आकड्यांत लिहायची, १ आणि २. इंग्रजी आकडा चालतो, रोमन चालतो, कुठल्याही भारतीय भाषेतला चालतो. अक्षरांत "एक" लिहिले की मत बाद. मतपेट्या विमानाने दिल्लीला जातात आणि त्या साली पेटीसाठी "मिस्टर बॅलट बॉक्स" या नावाने शेजारच्या आसनाचे तिकीट काढले होते. एवढा मान आमच्या कदंब बसमध्ये जिवंत माणसाला मिळत नाही.

त्या सोमवारी मी नववीच्या वर्गात हाच खेळ मांडला. गुलाबी कार्डशीटच्या अडतीस चिठ्ठ्या कापल्या, एक जांभळे स्केचपेन ठेवले, बाकाला पडदा म्हणून नकाशा टांगला. प्रश्न दिला : सहल बोंडल्याला न्यायची की साळावलीच्या धरणावर? आधी हात वर करायला सांगितले. बोंडला २४, साळावली १४. बोंडल्याच्या बाजूच्या मुलांनी मोठ्या आवाजात एकमेकांना वचने दिली, टाळ्या दिल्या. मग एकेकाने नकाशामागे जाऊन चिठ्ठी टाकली.

मोजले तर बोंडला २०, साळावली १६, बाद २. एका पठ्ठ्याने "एक" असे सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, दुसऱ्याने बरोबरची खूण केली होती.

पुढच्या दोन मिनिटांत जे घडले ते कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. सहलीचे सगळे विसरले. कोण फुटले याची चौकशी सुरू झाली. एका मुलीचे आजोळ सांग्याला आहे, म्हणजे धरण जवळ, म्हणजे तीच. तिने शपथेवर सांगितले की मी बोंडल्यालाच दिले. कोणी ऐकेना. मग एकाच्या लक्षात आले की साळावलीच्या तीन चिठ्ठ्यांवर देवनागरी १ आहे. आमच्याकडे चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, पाचवीपासून इंग्रजी, त्यामुळे नववीत बहुतेकांचा हात 1 लिहितो. देवनागरी एक अजून कोण लिहितो हे वर्गाला पाठ होते. जांभळे पेन सगळ्यांना एकच होते, हात मात्र ज्याचा त्याचा. मी चिठ्ठ्या गोळा करून कपाटात टाकल्या आणि कुलूप लावले, पण आठवडाभर त्या मुलीच्या बाकावर कोणी बसेना. तिचे मत कुठे गेले ते मला आजही ठाऊक नाही, आणि कपाट उघडून अक्षर जुळवून पाहण्याचा मोह मी टाळला आहे.

पर्वरीकडे वळू. मतदानाच्या तीन दिवस आधी, १५ जुलैला, काँग्रेसने अकरापैकी पाच आमदारांना चेन्नईला नेऊन ठेवले. संकल्प आमोणकर, युरी आलेमाव, एल्टन डिकॉस्ता, रुडॉल्फ फर्नांडिस आणि कार्लुस फेरेरा. गंमत बघा. जून सरता सरता महाराष्ट्रातले शिंदे गटाचे आमदार गुवाहाटीहून निघून गोव्यातल्या एका हॉटेलात उतरले होते. पंधरा दिवसांत गोव्याचे आमदार तामिळनाडूत. आमदार राखायचा तर परगावी ठेवावा लागतो, हा आता सर्वपक्षीय रिवाज झाला आहे. सोमवारी सगळे परतले, मतदान झाले, चाळीसच्या चाळीस जणांनी केले.

२१ जुलैला दिल्लीत मोजणी. देशपातळीवर मुर्मू ६,७६,८०३, सिन्हा ३,८०,१७७, म्हणजे ६४ टक्के मते मुर्मूंना. त्यात धक्का नव्हता. गोव्याची ओळ अशी होती : मुर्मू २८, सिन्हा १२. बाद एकही नाही. आमच्या नववीपेक्षा विधानसभा बरी, एवढे तरी म्हणता आले.

सत्ताधारी २५, मते २८. विरोधी १५, मते १२. तीन.

यावर दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारात, भाजी-पावच्या गाड्यावर, जेवढे तर्क ऐकले तेवढे मी आयुष्यात ऐकले नाहीत. प्रत्येकाकडे तीन नावे होती आणि कोणाचीही तीन नावे दुसऱ्याच्या तिनांशी जुळत नव्हती. एक पाडेली (नारळ पाडणारा), माझा जुना विद्यार्थी, शांतपणे उंडो पाव भाजीत बुडवून म्हणाला, "मास्तर, गुपीत मत जाल्यार तीन खंयचे तें तुमकां कशें कळ्ळें?" कोणाकडे उत्तर नव्हते, आणि असूही शकत नव्हते.

इथे जरा थांबून तीन या आकड्याचा अर्थ लावला पाहिजे, कारण बातम्यांत तो फार घाईने लावला गेला. पहिली गोष्ट, तीन हा निव्वळ फरक आहे. तिकडून एक इकडे आणि इकडून चार तिकडे गेले असते तरी उत्तर तीनच आले असते. दुसरी, विरोधी बाकांवर चार पक्ष होते. तिन्ही मते काँग्रेसचीच असे आकडा सांगत नाही. १० जुलैच्या पत्रकार परिषदेमुळे सगळ्यांचे डोळे काँग्रेसकडे लागले होते, एवढेच. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. त्या तिघांपैकी कोणी खरोखरच मनापासून मत दिले असेल. आपल्या मतदारसंघातल्या वेळीप-गावड्यांच्या वाड्यांचा विचार करून, किंवा बाळ्ळी आठवून. यशवंत सिन्हा प्रचारात सगळ्यांना विवेकाला स्मरून मत द्या म्हणत होते. दिले. विवेक त्यांच्याच विरोधात गेला, आणि तसे होऊ शकत नाही असे कुठल्या कलमात लिहिलेले नाही.

मग गोवा एवढा अस्वस्थ का झाला? तीन मते गुणिले वीस, साठ. दहा लाखांच्या बेरजेत साठ. राष्ट्रपती भवनाला त्याने काडीचा फरक पडत नव्हता. माझे उत्तर असे की या मतदानात कोण ते कळत नाही, पण किती ते कळते, आणि आमदारांच्या बाजारात किती हे कळले की पुरते.

पक्षांतरबंदीच्या कायद्यात एकट्यादुकट्याने जाण्याला शिक्षा आहे, पण दोन तृतीयांश आमदार एकदम गेले तर ते विलीनीकरण मानले जाते. अकराचे दोन तृतीयांश म्हणजे आठ. १० जुलैला गुंडू राव यांचा आरोपच होता की दोन तृतीयांश जमवण्याचा खटाटोप चालू आहे. तेव्हा आठ भरले नाहीत. अशा वेळी चाळीस जणांना एका खोलीत नेऊन, कोणालाही शिक्षा न होता, कोणाचे नाव न फुटता, मनाचा कल मोजून द्यायची सोय मिळाली तर? ती सोय कोणी योजून केली असे मी म्हणत नाही. राज्यघटनेने वेगळ्याच उदात्त हेतूने ती ठेवली आहे. पण तापमापी कोणीही ठेवला तरी पारा दिसतोच. आणि जो कुंपणावर बसलेला असतो त्याला पाऱ्याचे एकच वाचन हवे असते : माझ्यासारखे आणखी आहेत का?

यात लहान राज्याचा शापही आहे. मोजणी राज्यवार होते आणि ती तशीच व्हावी लागते, कारण उत्तर प्रदेशची चिठ्ठी २०८ची आणि आपली २०ची, त्या मिसळून कशा चालतील? लोकसभेच्या मोजणीत निदान केंद्रवार आकडे झाकण्यासाठी अनेक यंत्रे एकत्र मोजणारे टोटलायझर वापरावे अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ला केली होती. इथे तोही मार्ग बंद. उत्तर प्रदेशच्या ४०३ जणांत तीन फुटले तर धूळ, चाळिसांत तीन म्हणजे तीन रिकाम्या खुर्च्या. केरळचे उदाहरण तर आणखी वाईट. भाजप आघाडीचा एकही आमदार नसलेल्या त्या विधानसभेत मुर्मूंना नेमके एक मत पडले. १४० जणांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल, कल्पना करा.

२०१७ला हेच झाले होते, ते आपण विसरलो. रामनाथ कोविंद विरुद्ध मीरा कुमार. गोव्यात काँग्रेसचे आमदार १६, मीरा कुमार यांना मते ११. तेव्हाही दोन दिवस चर्चा झाली. पुढे २०१९च्या जुलैत दहा जण गेले. २०१७च्या पाच आणि २०१९च्या दहा यांत सरळ रेघ ओढता येत नाही, तशीच २०२२च्या तीन आणि त्यानंतरच्या आठांतही नाही. मी गणिताचा शिक्षक असतो तर दोन बिंदूंवरून रेघ काढायला मनाई केली असती. नागरिकशास्त्राचा आहे, तेव्हा एवढेच म्हणतो की पक्षाने पहिल्या वेळचा आकडा वाचला असता तर दुसऱ्या वेळी पाचच आमदार चेन्नईला नेले नसते.

१४ सप्टेंबर २०२२ला, बुधवारी, काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले. दिगंबर कामत, मायकल लोबो, डिलायला लोबो, राजेश फळदेसाई, केदार नाईक, संकल्प आमोणकर, आलेक्स सिक्वेरा, रुडॉल्फ फर्नांडिस. राष्ट्रपती निवडणुकीपासून अठ्ठावन्न दिवस. जुलैत चेन्नईला सुरक्षित ठेवलेल्या पाचांपैकी दोघे या यादीत आहेत. मागे उरले ते तिघे, तेही त्याच विमानातले. चेन्नईच्या तिकिटावर भरवसा ठेवायचा तर तो साठ टक्के, एवढा निष्कर्ष निघतो.

आमच्याकडे चवथीचे दिवस होते, कुठे कुठे एकवीस दिवसांचे गणपती अजून बसलेले. त्यामुळे बोलणे साहजिकच देवाकडे वळले. कारण याच पक्षाच्या उमेदवारांना २२ जानेवारीला पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथ दिली होती की निवडून आल्यावर पक्ष सोडणार नाही. तिन्ही धर्मांचा जामीन. कामत यांनी पक्ष बदलल्यावर सांगितले की आपण देवळात जाऊन देवाला विचारले आणि देवाने योग्य ते कर म्हणून सांगितले. गोव्यात देवाला कौल लावायची रीत जुनी आहे, आणि कौल कोणी मागितला यावर पाकळी उजवीकडे पडते की डावीकडे ते ठरते, असे आमची आजी म्हणायची. ती देवभोळी होती, पण भोळी नव्हती.

शपथ उघड घेतली आणि मोडली. चिठ्ठी गुप्त टाकली, तिच्यावर मोडण्यासारखे काही लिहिलेलेच नव्हते. त्या जुलैच्या तीन मतांना मी आजही मतफुटी म्हणायला कचरतो. सप्टेंबरच्या आठांबद्दल असा संकोच वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या की तोटा एका माणसाचा होतो : ज्याने खरोखर विचार करून, पक्षाविरुद्ध, एका आदिवासी बाईला मत दिले असेल, त्याचा. तो माणूस असेलच असे नाही. पण असेल तर त्याला ते कधीच सांगता येणार नाही, कारण सांगितले की लोक विचारणार, मग सप्टेंबरात कुठे होतास? आणि तो तिथेच राहिला असेल, न गेलेल्या तिघांतला असेल, तर पक्ष विचारणार, म्हणजे तो तूच होतास काय? माझ्या वर्गातली सांग्याची मुलगी तरी शपथ घेऊन ओरडू शकली.

या हिशेबाची शिल्लक पुढे अशी जमा झाली. २३ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रपती मुर्मू पर्वरीला आल्या आणि त्यांनी आमदारांना उद्देशून भाषण केले. याच दौऱ्यात वनहक्क कायद्याखालच्या सनदांचे वाटप झाले. समोर तेच चाळीस. अठ्ठावीस कोण आणि बारा कोण हे टाळ्यांवरून सांगता आले नसते. ऑगस्ट २०२५मध्ये गोव्याच्या विधानसभेत अनुसूचित जमातींना जागा राखण्याचे विधेयक संसदेने मंजूर केले, म्हणजे २००३ पासून बावीस वर्षांनी. आठ आमदारांविरुद्धची अपात्रतेची याचिका सभापती तवडकरांनी २०२४ला फेटाळली होती. २१ ऑगस्ट २०२५ला मंत्रिमंडळात दोन नवे मंत्री आले. एक रमेश तवडकर, दुसरे दिगंबर कामत.

कारापूरचे ते गृहस्थ त्या आठवड्यात बँकेत भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मास्तर, हांवें म्हजें मत कोणाक दिल्लें तें तुमी विचारूं नाकात." मी म्हटले, मी राष्ट्रपतींचे मत विचारत होतो. ते म्हणाले, तें म्हाका कोणेच विचारूंक ना, आणि टोकन घेऊन रांगेत जाऊन बसले.